बारा महिने, बारा सहली
तालुक्याची ओळख करून देणारे वर्षाचे नियोजन

डिसेंबर आणि जानेवारी हे शाळांच्या सहलींचे महिने. वर्गात सूचना वाचली जाते, वर्गणीचा आकडा सांगितला जातो आणि नावे देण्याची मुदत संपेपर्यंत काही हात वर होत नाहीत. कारण विचारले, तर कोणी गाडी लागते असे सांगतो, कोणी घरी कार्य असल्याचे सांगते. खरे कारण शिक्षकांना ठाऊक असते. ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा रोजंदारी यांवर चालणाऱ्या कुटुंबाला एका मुलाच्या एका सहलीसाठी कित्येक दिवसांची मजुरी बाजूला काढणे परवडत नाही. सहलीच्या दिवशी ही मुले घरी राहतात. त्यानंतर आठवडाभर वर्गात सहलीच्या ज्या गोष्टी चालतात, त्यांत त्यांना वाटा नसतो.

या प्रश्नाचे मूळ सहलीच्या रूढ कल्पनेत आहे. सहल म्हणजे वर्षातून एकदा, दूरच्या जिल्ह्यात, रात्रीचा प्रवास करून पाच-सहा स्थळे धावतपळत पाहणे, अशी समजूत दृढ झाली आहे. अशा प्रवासात मुलांचा बराच वेळ गाडीत जातो, शिक्षकांवर जोखमीचा भार पडतो आणि खर्च मात्र सर्वांत जास्त होतो. याउलट, ज्या तालुक्यात मूल वाढते त्या तालुक्यातील नदी कोठे उगम पावते, धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जाते, डोंगरातील लेणी कोणी खोदली, बाजारात भाव कसा ठरतो, या गोष्टी शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत अनेकदा न पाहिलेल्याच राहतात.

एका लांबच्या सहलीऐवजी दर महिन्याला एक याप्रमाणे वर्षभरात बारा जवळच्या सहली आखल्या, तर खर्च विभागला जातो, प्रवास कमी होतो आणि वर्गातील प्रत्येक मुलाला सहभागी होता येते. त्यासाठी मोठ्या निधीपेक्षा शाळा, ग्रामपंचायत आणि तालुक्यातील शासकीय कार्यालये यांनी वर्षाच्या प्रारंभी एकत्र बसून तयार केलेले वेळापत्रक अधिक आवश्यक आहे. असे वेळापत्रक कसे तयार होऊ शकते, हे पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्याच्या उदाहरणावरून पाहता येईल.

एका तालुक्यात किती सामावते

सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या कोरडवाहू पठारापर्यंत पसरलेला जुन्नर तालुका म्हणजे महाराष्ट्राच्या भूगोलाची एक छोटी प्रतिकृतीच आहे. पश्चिमेला अतिवृष्टीचा भातपट्टा, मध्यभागी कुकडी आणि मीना या नद्यांची बागायत, तर पूर्वेला आणे पठाराचा अवर्षणप्रवण भाग, असे तीन निरनिराळे प्रदेश एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. सातवाहनकालीन व्यापारी मार्ग, बौद्ध लेणी, निजामशाहीचा आरंभ, शिवजन्म आणि आधुनिक रेडिओ दुर्बीण या सर्वांच्या खुणा याच परिसरात आहेत. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. बाहेरगावाहून येणाऱ्या प्रवाशांसाठी ज्या स्थळांचा विकास होतो, ती प्रथम तालुक्यातील मुलांनी पाहावीत, ही अपेक्षा रास्त म्हणावी लागेल.

नियोजनासाठी नारायणगावच्या आसपासचे एखादे गाव गृहीत धरले आहे. शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्याने सहलींचे वर्षही तेथूनच सुरू करणे सोयीचे ठरते. प्रत्येक महिन्याचे स्थळ निवडताना एकच कसोटी लावावी : ते स्थळ त्या महिन्यात सर्वांत चांगले दिसते काय आणि तेथे जाणे त्या महिन्यात सर्वांत सुरक्षित आहे काय? या कसोटीवर घासून पाहिले, की पुष्कळशी स्थळे आपोआप आपापल्या महिन्यात जाऊन बसतात.

पावसाळा : घाट टाळून शिवार

जूनमधील पहिली सहल गावातच काढावी. या गावफेरीला गाडी नको, वर्गणी नको. ओढा कोठून येतो, गावात विहिरी किती, त्यांपैकी वापरात किती, जुनी बारव किंवा वीरगळ कोठे आहे, सर्वांत जुने झाड कोणते, याची नोंद मुलांनी करावी आणि परतल्यावर गावाचा नकाशा काढावा. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने बांधावर उभे राहून शेतांची नावे सांगितली, तरी मुलांना त्यात मोठी गंमत वाटते. वर्षभराच्या पुढील सहलींची शिस्त याच फेरीत लागते. जोड्या कशा करावयाच्या, शिट्टी वाजली की कोठे जमावयाचे, मोजणी कोणी करावयाची, हे सारे घराजवळच शिकून घेता येते.

जुलैत तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात भाताची आवणी चालू असते. बागायती भागातील मुलाला ऊस आणि टोमॅटो परिचयाचे असतात, चिखलणी मात्र त्याने पाहिलेली नसते. पश्चिमेकडील एखाद्या शाळेशी आधी संपर्क साधून तेथील मुलांसमवेत रस्त्यालगतच्या खाचरात तासभर आवणी करावी, दुपारी एकत्र बसून शिदोरी खावी आणि परतावे. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती असलेल्या या भागातील शेती, हिरड्याची झाडे आणि पावसाळी रानभाज्या यांची ओळख तेथील मुलेच उत्तम करून देतात. हिवाळ्यात त्या शाळेची सहल नारायणगावकडे यावी आणि यजमान शाळेने तिचे आतिथ्य करावे. या देवघेवीत दोन्ही शाळांचा खर्च कमी होतो, आणि मैत्री जुळते ती वेगळीच.

ऑगस्टमध्ये, श्रावणात, ओतूर येथे जाता येते. मांडवी नदीच्या काठावरील कपर्दिकेश्वराच्या मंदिरात श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी उभारण्याची प्रथा आहे. संत तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही ओतूर येथेच असल्याचे परंपरा सांगते. सोमवारी यात्रेची गर्दी असते. त्यामुळे सकाळी लवकर जाऊन गर्दी वाढण्यापूर्वी परतावे आणि नदीपात्रात कोणालाही उतरू देऊ नये.

सप्टेंबरमधील सहल बाजाराची असावी. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ राज्यात प्रसिद्ध आहे. पहाटे तोडलेला माल क्रेटमध्ये भरून येतो, प्रतवारी होते, बोली लागते आणि काही वेळातच परराज्यांत जाणाऱ्या गाड्या भरू लागतात. एका क्रेटचा भाव सकाळी किती होता आणि तासाभराने किती झाला, हे मुलांनी वहीत टिपावे. आवक वाढली की भाव का पडतो, हा अर्थशास्त्राचा धडा त्याहून सोप्या रीतीने शिकविता येणार नाही. ज्यांचे आईवडील याच बाजारात हमाली किंवा प्रतवारीचे काम करतात, अशी मुले त्या दिवशी वर्गाची मार्गदर्शक होतात. नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्राची भेटही याच दिवशी जोडता येते.

शरद आणि हेमंत : पाणी, वाट आणि लेणी

पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये धरण पाहावे. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे आहेत. त्यांपैकी शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील डिंभे वगळता इतर चार जुन्नर तालुक्यातच आहेत. येथे साठलेले पाणी कालव्यांवाटे पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. आवर्तनाचा प्रश्न निघाला की वरचा आणि खालचा तालुका यांच्यात वाद का होतात, हे नकाशा समोर ठेवून समजावून सांगावे. जलसंपदा विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी. शाखा अभियंत्याने अर्धा तास दिला, तर दरवाजे, सांडवा आणि पाणी मोजण्याची पट्टी यांची माहिती मुलांना अधिकृतपणे मिळते.

नोव्हेंबरमधील स्थळ नाणेघाट. जुन्नरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेली ही खिंड प्राचीन काळी कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांना देशावरील जुन्नर आणि प्रतिष्ठान या नगरांशी जोडीत होती. घाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील कोरीव लेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा हा लेख यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दानांची यादी देतो. गाई, हत्ती, घोडे आणि नाणी यांच्या संख्या त्यात आकड्यांत कोरल्या आहेत. भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. शून्याचे चिन्ह त्यात नाही. दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘शून्य नसताना हिशेब कसा लिहीत असतील?’ असा प्रश्न सहलीपूर्वी आठवडाभर वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवला, तर मुले त्या भिंतीकडे निराळ्याच उत्सुकतेने पाहतात. खिंडीच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी लोकपरंपरा आहे. परतताना कुकडीच्या उगमाजवळील पूर येथील कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर पाहावे. ऑक्टोबरमध्ये धरणात अडविलेली नदी जेथून निघते, ते ठिकाण पाहिल्याने दोन्ही सहलींचा धागा जुळतो.

डिसेंबर लेण्यांसाठी राखून ठेवावा. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलखोदकामे आहेत. एका नगराभोवती इतक्या संख्येने लेणी असण्याचे उदाहरण देशात दुर्मिळ आहे. लेण्याद्रीला पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर चैत्यगृह, विहार आणि एका लेण्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती, अशी बौद्ध आणि हिंदू परंपरांची जवळीक एकाच कातळात दिसते. तुळजा लेण्यातील वर्तुळाकार चैत्यगृह आणि त्यातील बारा खांब हे तर स्थापत्याचे विरळ उदाहरण होय. दाते व्यापारी होते, शेतकरी होते, यवनही होते, ही माहिती जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांतूनच मिळते. लेण्यांत मोठ्याने ओरडू नये, भिंतीवर काही लिहू नये, आणि पायऱ्यांवरील माकडांना खाऊ दाखवू नये, हे आधीच बजावावे.

जानेवारीत शिवनेरी. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंती उत्सवात गडावर हजारोंची गर्दी असते. शांतपणे पाहावयाचा असेल, तर त्याच्या महिनाभर आधी जावे. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म १६३० मध्ये येथे झाला, हे प्रत्येक मुलाला पाठ असते. गडावरील धान्याचा अंबारखाना, बारमाही पाण्याची गंगा-जमुना टाकी आणि एकामागून एक येणारे सात दरवाजे पाहिल्यावर वेढ्याच्या काळात गड कसा टिकत असेल, याचे उत्तर ती स्वतः देऊ लागतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत शिवनेरीचा अंतर्भाव आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्वतंत्र सत्ता स्थापन केली तीही जुन्नरातूनच. गावातील जुन्या इमारतींसमोरून जाताना हा उल्लेख अवश्य करावा.

शिशिर ते ग्रीष्म : आकाश, नदी आणि खडक

फेब्रुवारीतील सहल आधुनिक काळात नेते. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जी.एम.आर.टी., टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारली. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या या प्रकल्पात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांपैकी चौदा मध्यवर्ती भागात असून उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडी भरीव पत्र्याची नसून बारीक तारांच्या जाळीची आहे. लांब लहरींना जाळीही आरशासारखीच असते आणि जाळीतून वारा निघून जात असल्याने सांगाडा हलका ठेवता येतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त येथे भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात शाळकरी मुलांनी केलेले प्रयोगही मांडले जातात. सहलीस येणाऱ्या शाळेने एखादा प्रयोग तयार करून नेला, तर ती प्रेक्षक न राहता सहभागी होते. भ्रमणध्वनीच्या लहरींनी निरीक्षणात अडथळा येत असल्याने तो बंद ठेवण्याची सूचना काटेकोरपणे पाळावी. नारायणगावजवळच आर्वी येथे १९७१ मध्ये ‘विक्रम’ हे उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले होते, हेही या निमित्ताने सांगता येईल.

मार्चमध्ये कुकडीचे पाणी उतरते आणि बोरी बुद्रुकचा नदीकाठ उघडा पडतो. येथील काठाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी येथे अभ्यास केला आणि अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारेही येथे मिळाली. ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचे अनेक संशोधक मानतात, तर काहींच्या मते ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. शास्त्रज्ञांतही मतभेद असतात आणि ते पुराव्याच्या आधारे सोडवावे लागतात, ही गोष्ट मुलांना गावच्या नदीकाठीच शिकता येते. राख उकरून घरी नेण्याचा मोह मात्र टाळावा. तो थर संपला, की पुन्हा मिळणारा नाही.

एप्रिलमध्ये ऊन वाढते. त्यामुळे सकाळी लवकर निघून दहापर्यंत परतता येईल असे स्थळ हवे. कल्याण-नगर मार्गावर आणे घाटालगत गुळुंचवाडी येथे ओढ्याच्या प्रवाहाने खडक पोखरून तयार झालेला नैसर्गिक पूल आहे. पाण्याने दगडाला भोक कसे पाडले असेल, याचे उत्तर कोरड्या ओढ्यात उभे राहून शोधावे. जाताना किंवा येताना बेल्ह्याच्या आठवडे बाजाराचा दिवस साधला, तर जनावरांची खरेदी-विक्रीही पाहता येते.

मे महिन्यात शाळा बंद असतात. या महिन्याची सहल ग्रामपंचायतीने गावातील ज्येष्ठ नागरिक आणि महिला यांच्यासाठी काढावी. ओझरचा विघ्नेश्वर कुकडीच्या काठी सपाट जागी असल्याने वृद्धांना चढण चढावी लागत नाही. शेतीच्या आणि घरच्या कामांतून ज्यांना वर्षानुवर्षे गावाबाहेर पडता आले नाही, अशा स्त्रियांना हा एक दिवस फार मोलाचा वाटतो. प्रौढांसाठी आणखी एक सुचविता येईल. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या तेथे ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरविण्यात आले आणि त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या गावचा हा कलाव्यवहार यात्रा समितीच्या सदस्यांनी जवळून पाहण्यासारखा आहे.

खर्चाची वाटणी

वरील बारांपैकी जूनच्या गावफेरीला काहीच खर्च नाही. नारायणगाव, ओझर, खोडद, बोरी ही ठिकाणे गृहीत धरलेल्या गावापासून जवळ असल्याने तेथे एस.टी.च्या नेहमीच्या फेरीने किंवा गावातीलच वाहनाने जाता येते. स्वतंत्र गाडी प्रामुख्याने आवणी, नाणेघाट, लेणी आणि शिवनेरी यांसाठी लागेल. शालेय सहलीसाठी एस.टी. महामंडळाकडून प्रासंगिक करारावर सवलतीच्या दराने गाडी मिळते. आगाराकडे मागणी लवकर नोंदविल्यास हव्या त्या तारखेला गाडी मिळण्याची शक्यता वाढते. प्रौढांच्या सहलीसाठी नेहमीच्या फेऱ्यांचा उपयोग करावा. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवासाची योजना एस.टी.ने सुरू केली आहे.

वर्गणी गोळा करण्याची पद्धतही बदलावी. प्रत्येक सहलीची स्वतंत्र वर्गणी न मागता जूनमध्येच वर्षाचा अंदाज काढून त्याचे लहान मासिक हप्ते करावेत. ज्या घरांना तेही शक्य नाही, त्यांचा वाटा ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, माजी विद्यार्थी किंवा स्थानिक दूध संस्था यांनी उचलावा. कोणाचा वाटा कोणी भरला हे वर्गात कधीही जाहीर करू नये. नावांची यादी वर्गणीवरून न करता हजेरीपटावरून करावी. ही छोटी दक्षता घेतली, तर हात वर न करण्याची वेळच कोणावर येत नाही. अपंग विद्यार्थ्यांचा विचार स्थळ निवडतानाच व्हावा. गड चढू न शकणाऱ्या मुलासाठी पायथ्याला काय पाहता येईल, हे शिक्षकांनी पूर्वभेटीत ठरवून ठेवावे.

सुरक्षिततेत तडजोड नको

पाण्याचे आकर्षण हाच सहलींतील सर्वांत मोठा धोका. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चौघांचा बळी गेला. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात धबधबे, घाटमाथे आणि नदीपात्रे या वेळापत्रकात ठेवलेली नाहीत. माळशेज आणि नाणेघाट पावसाळ्यात कितीही मोहक दिसले, तरी मुलांना घेऊन जाण्याचे ते दिवस नव्हेत. जिल्हा प्रशासनाचे मनाईचे आदेश पाहिल्याशिवाय कोणतीही पावसाळी तारीख निश्चित करू नये.

जुन्नर परिसरात आणखी दोन बाबींचे भान ठेवावे लागते. उसाच्या क्षेत्रामुळे येथे बिबट्याचा वावर आहे. सूर्यास्तापूर्वी गावात परतावे, लहान मुलांना रांगेच्या मध्ये ठेवावे आणि उसाच्या कडेला कोणालाही एकटे जाऊ देऊ नये. माणिकडोह येथे वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे. वन कर्मचाऱ्यांना वर्षारंभी शाळेत बोलावून या प्राण्याची माहिती करून घेतली, तर भीती आणि बेफिकिरी दोन्ही कमी होतात. दुसरी बाब मधमाश्यांची. शिवनेरी आणि लेण्याद्रीच्या कड्यांवर आग्यामोहोळाची पोळी असतात. तेथे धूर, उग्र अत्तर आणि दगड मारण्याचा खेळ यांना सक्त मज्जाव असावा.

पालकांचे लेखी संमतिपत्र, शिक्षण विभागाची परवानगी, प्रथमोपचार पेटी, पुरेसे पाणी, मुलींसोबत शिक्षिका, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक आणि दर थांब्यावर मोजणी, ही यादी प्रत्येक सहलीला लागू आहे. शिक्षकांपैकी एकाने आठवडाभर आधी स्थळ पाहून यावे. स्वच्छतागृह कोठे आहे, सावली कोठे आहे, गाडी कोठे वळते, हे पूर्वभेटीतच कळते.

आनंद आणि अभ्यास

इतक्या सहली काढल्या तर अभ्यासक्रम कसा पूर्ण व्हावयाचा, अशी शंका शिक्षक उपस्थित करतात. ती अनाठायी नाही. तथापि, वर दिलेल्या सहलींत बाजार म्हणजे गणित, धरण म्हणजे भूगोल, नाणेघाट म्हणजे इतिहास आणि खोडद म्हणजे विज्ञान आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, अशी शिफारस आहे. त्या दिवसांची सांगड या वेळापत्रकाशी घातल्यास तासिकांचा प्रश्न बराच सुटतो. सुटीच्या दिवशी काढलेल्या सहलींनी उरलेली अडचण दूर होईल.

मात्र सहलीची परीक्षा होऊ देऊ नये. प्रत्येक स्थळी अहवाल लिहून घेण्याचा आग्रह धरला, तर मुले पाहण्याऐवजी लिहीतच बसतात. एका सहलीचा एक प्रश्न पुरेसा आहे. उरलेल्या वेळात गाण्याच्या भेंड्या व्हाव्यात, झाडाखाली शिदोऱ्या सोडाव्यात, भाकरी आणि ठेच्याची देवघेव व्हावी, लगोरीचा डाव रंगावा. घरच्या डब्यामुळे खर्च वाचतो आणि कोणाच्या घरी काय शिजते याची ओळखही होते. परत निघण्यापूर्वी बसल्या जागेचा कचरा उचलणे हा शेवटचा खेळ समजावा.

प्रत्येक तालुक्याचे आपले बारा महिने

जुन्नरसारखा वारसा प्रत्येक तालुक्याला लाभलेला नाही, हे मान्य केले तरी नदी, बाजार, बंधारा, जुने देऊळ वा दर्गा, कारखाना, रोपवाटिका, टपाल कार्यालय, रेल्वे स्थानक, कारागिराचे घर यांपैकी काहीच नाही असा तालुका राज्यात सापडणार नाही. विदर्भातील गावाला मालगुजारी तलाव आहे, कोकणातील गावाला खाडी आणि जेटी आहे, मराठवाड्यातील गावाला बारव आहे. पाहण्यासारखे काय आहे, हे ठरविण्यासाठी मे महिन्यातील एका ग्रामसभेत अर्धा तास राखून ठेवावा. शिक्षक, तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक, वनरक्षक आणि गावातील जाणती माणसे एकत्र बसली, तर बारा नावांची यादी त्या बैठकीतच पूर्ण होते. पुढे प्रत्येक नावासमोर महिना, अंतर, वाहन, खर्च, परवानगी देणारे कार्यालय आणि जबाबदार व्यक्ती असे सहा रकाने भरावयाचे व हा तक्ता शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावयाचा. तारीख सर्वांना आधीच ठाऊक असली, की मजुरीला जाणाऱ्या आईलाही त्या सकाळी डबा करून देण्याची तजवीज करता येते.

पहिल्याच वर्षी बाराही सहली पार पडतील असे नाही. सहा झाल्या तरी त्या सहा सहलींना वर्गातील सर्व मुले गेलेली असावीत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. आपल्या नदीचा उगम ज्याने पाहिला आहे, तो तिच्यात कचरा टाकताना थांबेल. लेण्यातील लेख ज्याने निरखला आहे, तो त्यावर आपले नाव कोरणार नाही. उद्याचे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी आज याच वर्गांत बसले आहेत. त्यांचा तालुका त्यांना दाखविण्याचे काम येत्या जूनच्या गावफेरीपासूनच हाती घेता येईल.